दोन तासं ज्वारीची

धांड्याची गाडी करायला फार काही लागत नाही. ज्वारीची तीन-चार वाळकी ताटं, एक धारदार विळा आणि बाभळीचे दहा-बारा काटे. गेल्या डिसेंबरात एवढंच जमवायला मी परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यात, आमच्या गावात अर्धा दिवस हिंडलो. काटे मिळाले, विळा मिळाला. धांडा मिळाला नाही.

निमित्त माझ्या नातवाचं होतं. सात वर्षांचा आहे, पुण्यात शिकतो. नाताळच्या सुट्टीत गावी आला तेव्हा त्याच्या पिशवीत शाळेतल्या नाताळच्या कार्यक्रमात मिळालेली रिमोटवर चालणारी गाडी होती. ओसरीवर ती फिरवता फिरवता त्यानं विचारलं, "आजोबा, लहानपणी तुम्हाला काय मिळायचं?" मी म्हणालो, "गाडीच. पण आमची आम्ही करायचो." तो लगेच म्हणाला, "मग मला करून दाखवा ना."

म्हणून आम्ही दोघं शिवारात गेलो. सोयाबीन निघून गेलं होतं आणि त्या रानात हरभरा उभा होता. तूर शेंगांवर आलेली, कापसाची वेचणी चाललेली. एका पट्टीत रब्बीची ज्वारी होती, पण हिरवीगार, नुकती निसवलेली. हिरव्या ताटाची गाडी होत नाही. त्याचं भेंड रसानं भरलेलं असतं, ते वाळलं की आकसतं आणि चाकं निखळतात. आम्हाला हवा होता वाळलेला, सोनेरी, हातात घेतला तर वजनच लागू नये असा कडब्याचा धांडा. पूर्वी या दिवसांत तो घराघरासमोर गंजीनं रचलेला असायचा. या खेपेला एकाही घरासमोर गंज नव्हती.

त्या अर्ध्या दिवसात आमच्या बालपणाचा हिशोब नव्यानं माझ्या लक्षात आला. आमचं खेळणं दुकानातून येत नव्हतं. ते पिकातून, मातीतून आणि नदीतून यायचं. म्हणून ते का हरवलं याचं उत्तरही शिवारातच शोधावं लागतं.

कडब्याची गंज

तेव्हा आमच्याकडे ज्वारी दोन हंगामांत व्हायची. खरिपाची ज्वारी मृगात पेरायची आणि दिवाळीच्या आगेमागे काढायची. रब्बीची म्हणजे शाळू, ती माघ-फाल्गुनात निघायची. खरिपाची कणसं खुडून झाली की धाटं पेंढ्या बांधून रचत. ही कडब्याची गंज म्हणजे बैलांची वर्षाची बेगमी. तिच्या कडेनं चार धांडे उपसले तर घरातलं कुणी रागवत नसे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत गावच्या सगळ्या लेकरांचं खेळण्यांचं दुकान तिथंच उघडं असायचं.

धांडा पेरा-पेरावर कापायचा. वरची टणक साल उभी सोलून तिच्या लांब चिपा काढायच्या. आतलं पांढरं, मऊ भेंड वेगळं ठेवायचं. साल वाकते आणि भेंड टोचू देतं, सगळी कारागिरी या दोन गुणांवर उभी. चीप गोल वाकवून टोकं भेंडाच्या तुकड्यात खोचली की चाकाची धाव झाली. मध्ये भेंडाचा तुंबा, त्यातून आडव्या-उभ्या खोचलेल्या चिपा हे आरे. दोन चाकांमध्ये आस, आसावर साटा, पुढे जू. बाभळीचा काटा हा आमचा खिळा. बैलही भेंडाचेच, चिपांचे पाय आणि काट्यांची शिंगं लावलेले. सालीनं बोट हमखास कापायचं. ते तोंडात धरून दुसऱ्या हातानं काम चालू ठेवायचं.

तुंबा, आरे, धाव, आस, साटा, जू, शिवळ हे शब्द आम्हाला कुणी पाठ करायला लावले नाहीत. गाडी करता करता ते आले. शेजारचा सुतार खऱ्या गाडीचं चाक भरायला बसला की आम्ही भोवती कोंडाळं करून बसत असू, कारण आरे सारख्या अंतरावर बसले नाहीत तर चाक डगमगतं हे आम्ही स्वतः भोगलेलं होतं. त्याच धांड्याचा चष्मा व्हायचा, तराजू व्हायचा, पाळणा व्हायचा. खेळून मोडलं की गुरांपुढं टाकायचं. आमच्या खेळण्यांचा कचरा कधी झाला नाही.

मग ही गंज गेली कुठं? तिला कुणी मुद्दाम हाकललं नाही. 1990 नंतर मराठवाड्यात सोयाबीन झपाट्यानं पसरलं. शंभर-सव्वाशे दिवसांत हाती पैसा देणारं ते पीक होतं. खरिपाच्या ज्वारीला मात्र काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाणे काळे पडत आणि बाजारात त्यांना भाव मिळत नसे. पाखरं आणि रानडुकरं होतीच. काढणीला, खुडणीला माणसं मिळेनात. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला आणि कडब्याची गरजही उतरली. शेतकऱ्यानं केलेला हिशोब चुकीचा म्हणण्याचा मला अधिकार नाही. मीही त्याच घरातला आहे, आमच्याही रानात सोयाबीनच आहे. पण सोयाबीन मळून झालं की मागे भुस्कट उरतं आणि भुस्कटाचं खेळणं होत नाही. एक पीक बदललं तेव्हा लेकरांच्या हातातलं नेमकं काय गेलं, हे कुठल्याही पीकपाहणीत नोंदलं गेलेलं नाही.

येळवस

युरोपात लेकरांना खेळणी मिळण्याचे दिवस ऐन थंडीत येतात. कुठं 6 डिसेंबरला संत निकोलसच्या दिवशी, बऱ्याच ठिकाणी 25 डिसेंबरला, स्पेनमध्ये 6 जानेवारीला तीन राजांच्या सणाला. आपण ज्याला नाताळ म्हणतो तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत 'नाताल' म्हणजे ख्रिस्तजन्माचा सण. दिवस लहान, रात्री लांब आणि गारठा. अशा वेळी घरातल्या लहानग्यांना आनंद द्यावा असं जगभरच्या माणसांना वाटत आलं आहे.

आमच्याकडे याच दिवसांत येळवस येते. पंचांगातली वेळ अमावस्या, म्हणजे मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवमध्ये ती मोठी, आणि आमच्या जिल्ह्याच्या लातूर-बीडकडच्या अंगालाही तिचं तेवढंच महत्त्व. सीमेपलीकडे कर्नाटकात तिला एळ्ळ अमावास्ये म्हणतात. आमचं 'येळ' बहुधा तिथूनच आलं. 2019 साली ती नाताळच्या अगदी लगत होती. 2022 मध्ये 23 डिसेंबरला, 2024 मध्ये 30 डिसेंबरला. कितीतरी वर्षी हे दोन सण असे शेजारी बसतात.

येळवशीला गाव रिकामं होतं आणि शिवार भरतं. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, वर शाल किंवा लुगडं पांघरायचं. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पांडव. माय आणि काकू आदल्या रात्री जागून स्वयंपाक करायच्या. तूर, वाल, हरभरा, वाटाणा आणि हाताला लागेल ती भाजी ताकात शिजवलेल्या बेसनात घालून केलेली भज्जी, ज्वारीच्या पिठाचं आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन रानात जाणं हा मान असायचा. वाटेत कुणीही भेटो, ओळखीचा असो की नसो, त्याला जेवायला हाक मारायची.

त्या दिवशी आम्हाला वस्तू अशी एकही मिळत नसे. मिळायचा तो अख्खा दिवस. ना शाळा, ना गुरं राखणं, ना पाणी भरणं. लिंबाला दोर टाकून झोका, बांधावरची बोरं, हरभऱ्याचे ढाळे, सकाळपासून अंधार पडेपर्यंत अनवाणी धावणं. मोठी माणसंही त्या दिवशी आमच्याबरोबर झोक्यावर बसायची. वर्षभर पाठीला पोक आणून राबणारे आमचे आप्पा झोका घेताना मी पाहिले ते येळवशीलाच. बाप हसताना पाहायला मिळणं ही लेकरासाठी मोठी भेट असते. तेव्हा ते कळलं नव्हतं. आज कळतं.

माळेगाव आणि उरूस

वस्तू यायची ती जत्रेतून. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात माळेगावचा खंडोबा आहे. त्याची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून, म्हणजे येळवशीच्या तोंडावरच भरते. घोडे, उंट, गाढवं, घोंगड्या, तमाशाचे फड. आप्पा बैल बघायला जात आणि तीन दिवसांनी परतत. त्यांची वाट पाहताना आम्ही वेशीबाहेरच्या चिंचेवर चढून बसायचो. त्यांच्या खांद्यावर घोंगडी असे आणि घोंगडीच्या घडीत आमची वस्तू. एका वर्षी लाकडी भोवरा, एका वर्षी पिपाणी, एका वर्षी दाबलं की टकटक करणारा पत्र्याचा बेडूक. भावंडं चार असली तरी वस्तू बहुतेक एकच असायची. ती कुणाची, हा प्रश्न आप्पांनी कधी सोडवला नाही. आम्हीच पाळी लावायचो.

दुसरी जत्रा परभणीची. हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात भरतो. संदलची मिरवणूक, आकाशपाळणे, मौत का कुआँ, मिठाईची दुकानं. परभणीच्या कुठल्याही जातिधर्माच्या माणसाला त्याच्या लहानपणाविषयी विचारा, उरुसाचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. आमच्या घरी मारुतीला तेल आणि दर्ग्याला चादर, दोन्ही एकाच श्रद्धेनं जायचं. उरुसात मी पहिल्यांदा पत्र्याची आगबोट पाहिली. पोटात छोटी मेणबत्ती आणि मागे दोन नळ्या. मेणबत्ती पेटवली की नळ्यांतलं पाणी तापून वाफ होते, वाफ पाण्याला बाहेर ढकलते, मग थंड झालेल्या नळ्या पुन्हा पाणी ओढतात. असं फटफट करत बोट परातीत गोल फिरते. पुढे मोठेपणी वाचलं की तोमा पियो नावाच्या फ्रेंच माणसानं 1891 साली अशा बोटीचं पेटंट इंग्लंडमध्ये घेतलं होतं. समुद्र आमच्या गावापासून शेकडो कोसांवर. पण वाफेच्या शक्तीचा पहिला धडा आम्ही पितळेच्या परातीत शिकलो, आणि तो देणारा विक्रेता जमिनीवर पोतं अंथरून बसलेला होता.

पूर्णेचा चेंडू

नाताळची भेट म्हणून मला आयुष्यात एकच वस्तू मिळाली. तिची गोष्ट सांगायलाच हवी.

माझे मामा पूर्णेला रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. निजामाच्या काळात मनमाडहून सिकंदराबादकडे गेलेल्या मार्गावरचं हे जंक्शन. मी तिसरीत असताना तिथं मीटर गेजचे रूळ होते आणि वाफेची इंजिनं. त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मामांकडे होतो. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं, मूळचं जालन्याकडचं. जालना भागात एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाची वस्ती वसवली होती. मराठवाड्यातल्या मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास तिथवर जातो. त्या घरच्या आजी लुगडं नेसायच्या आणि आमच्या मामीशी आमच्याच बोलीत बोलायच्या. कामट्या आणि पतंगाचा कागद लावून केलेली मोठी चांदणी त्यांनी दारात टांगली होती. रात्री तिच्यात दिवा लागला की रूळ ओलांडून येणारी माणसं क्षणभर थांबून बघत.

25 तारखेच्या सकाळी आजींनी कॉलनीतल्या सगळ्या लेकरांना बोलावलं. करंज्या होत्या, शंकरपाळी होती, केकचा एकेक तुकडा होता. करंजी बघून मी मामीला विचारलं, "यांची पण दिवाळी असती का?" आजींनी ते ऐकलं. म्हणाल्या, "व्हय रे लेकरा, ही आमची दिवाळी." आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक पुडी ठेवली. माझ्या पुडीत लाल रबरी चेंडू होता.

आमच्या गावात तोवर रबरी चेंडू कुणाकडे नव्हता. आम्ही खेळायचो तो चिंध्यांचा. जुन्या धोतराच्या चिंध्या आवळून वर सुतळी गुंडाळलेला तो चेंडू भिंतीवर मारला तर तिथंच खाली पडायचा. लाल चेंडू उसळत परत आला तेव्हा मारुतीच्या पारावरची म्हातारी माणसंसुद्धा उठून बघायला आली. पहिल्या दिवशी मी तो कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की एकट्याला त्याचं करायचं तरी काय? लगोरीला दोन्ही बाजूंनी गडी लागतात. मग मायनं नियम घालून दिला. चेंडू रात्री आमच्या घरच्या देवळीत राहील, दिवसा गावाचा. शाळा सुटली की कुणीही यावं आणि देवळीतून न्यावा.

तो चेंडू दोन वर्षं पुरला. त्याचा लाल रंग आधी गुलाबी झाला, मग मातीचा. शेवटी शिवणीवर उकलला तेव्हा माझ्या बहिणीनं, अक्कानं, विळीवर त्याचे दोन भाग केले आणि तिच्या भातुकलीत दोन वाट्या आल्या. एका अनोळखी आजीनं एका लेकराला दिलेली भेट अशी वीस-पंचवीस लेकरांनी दोन वर्षं वापरली.

वकट, लेंड, मूंड

खेळ म्हणजे काय, तर गल्ली, मारुतीचं देऊळ, नदी आणि संध्याकाळ. लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या, हुतूतू, सूरपारंब्या, आंधळी कोशिंबीर, सायकलचं जुनं टायर आणि ते पळवायला काठी. विटी बाभळीची आणि दांडूही बाभळीचा. विटीदांडूत अंतर मोजताना आम्ही ओरडायचो वकट, लेंड, मूंड, नाल. या शब्दांना अर्थ असेल असं आम्हाला कधी वाटलं नाही. तेलुगूत एक म्हणजे ओकटि, दोन रेंडु, तीन मूडु, चार नालुगु. म्हणजे आम्ही तेलुगू आकडे मोजत होतो! हे शब्द पुण्याकडची पोरंही वापरत, त्यामुळे ही देवघेव फार जुनी असणार. पण परभणी 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होती. तेलुगू, उर्दू, कन्नड या शेजारच्या घरातल्या भाषा होत्या. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट मला सापडली नाही. ती विटीच्या टोल्यात जपलेली होती.

अक्काचे खेळ मात्र वेगळे होते आणि त्यामागचं कारण मला फार उशिरा उमगलं. ती सागरगोटे खेळायची. गजग्याच्या टणक, करड्या बिया असतात त्या. बिया नसल्या तर गोदावरीतले गुळगुळीत खडे चालायचे. बेसॉल्टच्या पोटातून सुटून आलेल्या दुधी, तांबूस गारगोट्या नदीच्या रेतीत भरपूर सापडत. ती ठिक्कर खेळायची, अष्टाचंग खेळायची. हे सगळे खेळ मध्येच सोडून उठता येण्यासारखे. कारण मांडीवर धाकटं भावंड असायचं आणि कुठल्याही क्षणी हाक यायची, "पोरी, पाणी आण." आमचा हुतूतू अंधार पडेपर्यंत चालायचा. तिचा डाव मात्र कितीदा अर्धाच राहिला. माळेगावची वस्तू आल्यावर पाळी लावताना तिची पाळी शेवटी असायची. आमचं बालपण गोड होतं असं लिहिताना हे लिहिलं नाही तर तो अन्याय होईल. मोकळी संध्याकाळ ही त्या काळीही सगळ्यांना मिळालेली भेट नव्हती. अर्ध्या लेकरांना ती तुकड्या-तुकड्यानं मिळाली.

माती आणि वाळू

पोळ्याच्या आधी चार दिवस आम्ही ओढ्यावर जायचो. आमची काळी माती ओली असताना लोण्यासारखी असते, पण वाळताना इतकी आकसते की केलेल्या बैलाच्या पाठीला भेग पडते. उन्हाळ्यात रानाला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात ना, तीच माती. म्हणून ओढ्याच्या काठची चिकणमाती आणायची, तिच्यात चुलीतली राख आणि पिंजलेला कापूस कालवायचा. माय ती दगडावर कुटून द्यायची. बैल सावलीत वाळवायचे. उन्हात ठेवले तर कान आधी गळतात. पोळ्याला घरात पूजा व्हायची ती या मातीच्या बैलांची. पूजा झाली की ते आमच्या ताब्यात.

गाडी आणि बैल हे गोदावरीच्या खोऱ्यातलं फार जुनं वेड आहे. गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी दायमाबादला 1974 मध्ये ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. त्यात बैलजोडी जुंपलेला, माणूस हाकत असलेला, चाकांवरचा रथ आहे. हत्ती, गेंडा आणि रेडाही आहेत. त्या जड वस्तू बहुधा पूजेच्या असाव्यात. पण ज्यांनी त्या घडवल्या त्यांच्या लेकरांनी ओढ्याकाठी मातीचे बैल केले नसतील असं मला वाटत नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या नाटकाचं नावच मुळी एका लेकराच्या मातीच्या गाडीवरून आहे. चारुदत्ताचा मुलगा शेजाऱ्याच्या मुलाजवळची सोन्याची गाडी पाहून रडतो, त्याला आपली मातीची गाडी नको असते आणि वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडीत भरते. शेजारच्या लेकराची गाडी सोन्याची आणि आपली मातीची, हे दुःखही तेवढंच जुनं आहे. ते नाकारून चालत नाही. आम्हालाही परभणीच्या दुकानातली चावीची मोटार हवी होती. ती मिळाली नाही म्हणून आम्ही रडलोही.

आज गावात बैलजोड्या बोटावर मोजण्याइतक्या उरल्या आहेत आणि पोळ्याला ट्रॅक्टरला हार घालतात. ज्या लेकरानं बैलाचं वशिंड जवळून पाहिलेलं नाही ते मातीत वशिंड कसं उमटवणार?

नदीचंही तसंच. गंगाखेड ही जनाबाईची भूमी. आमच्यासाठी गोदावरी म्हणजे गंगा, आणि गंगेचं वाळवंट म्हणजे आमचं सर्वांत मोठं मैदान. हिवाळ्यात पाणी आटलं की ओल्या वाळूत पाय खुपसून वरून थोपटायचं आणि पाय अलगद काढायचा, की झाला खोपा. ज्याचा खोपा संध्याकाळपर्यंत टिकला तो जिंकला. वाळूत पडलं तरी लागत नसे, म्हणून हुतूतू तिथंच. ती वाळू गेल्या काही वर्षांत ट्रकांनी घरांच्या बांधकामांवर नेली. गेल्या डिसेंबरात नातवाला घेऊन घाटावर उभा राहिलो तर समोर खडक, गाळ आणि वेड्या बाभळी. खोपा करायला ओंजळभर वाळू शोधावी लागली.

हक्क आणि मैदान

खेळ हा लेकरांचा लाड नव्हे, हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेत 31 वं कलम विश्रांतीचं आणि खेळाचं आहे. भारतानं ती संहिता 1992 मध्ये मान्य केली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य हवं असं लिहिलेलं आहे. म्हणजे कागदावर आपण लेकरांना द्यायचं ते दिलं आहे. उरलं आहे ते गल्लीत आणि शिवारात देणं. मैदानावर गाड्या लावू नयेत. शाळा सुटल्यावर फाटकाला कुलूप घालू नये. शिकवणीच्या दोन तासांतला एक तास लेकराला परत द्यावा, आणि मुलीला तो पूर्ण द्यावा, मध्ये हाक न मारता.

आता धांड्याचं सांगतो. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला तो मिळाला. गावातल्या एका घरानं कोप उभारण्यासाठी दूरच्या पाहुण्यांकडून पाच पेंढ्या कडबा आणला होता. कोप मोडताना मी त्यांच्याकडे चार धांडे मागितले. त्यांनी पेंढीच दिली. लिंबाखाली बसून मी गाडी केली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी हात चालेल का, ही धाकधूक होती, पण बोटांना सगळं आठवत होतं. नातवानं दोरी बांधून ती अंगणात ओढली. तिसऱ्या फेरीला चाक निखळलं. तो माझ्याकडे आला नाही. खाली बसला, काटा उचलला, भेंडात नीट टोचला, चाक फिरवून पाहिलं आणि पुन्हा पळाला. त्याची रिमोटची गाडी सकाळीच बंद पडली होती. तिच्यापुढे मात्र तोही हतबल होता आणि मीही. मोडलेलं आपल्या हातानं जोडता येतं हा विश्वास लेकराला देणारं खेळणं मला इतर सगळ्या खेळण्यांहून मोलाचं वाटतं.

पण अशी गाडी व्हायला शिवारात आधी ज्वारी हवी. परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथं ज्वारीवर मोठं काम झालं. 'परभणी मोती' हे रब्बीचं वाण तिथलंच. 2018 मध्ये हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर 'परभणी शक्ती' हे खरिपाचं वाण आलं, लोह आणि जस्त अधिक असलेलं. 2023 हे वर्ष भारताच्या पुढाकारानं जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. भाकरीसाठी ज्वारी परत आणायची भाषा सगळीकडे आहे. मी तिच्यात एक मागणी जोडतो.

माझ्या जिल्ह्यातल्या शेतकरी भावा-बहिणींनो, येत्या मृगात सोयाबीन पेरताना बांधाकडची दोन तासं, म्हणजे पेरणीच्या दोन ओळी, ज्वारीला द्या. दोन तासांनी उत्पन्नाचं गणित बिघडणार नाही. त्यातलं थोडं पाखरं खातील, थोड्याची भाकरी होईल. दिवाळीनंतर जो कडबा निघेल त्यातली एक पेंढी गुरांना न टाकता ओसरीच्या कोपऱ्यात उभी ठेवा. नाताळच्या सुट्टीत शहरातून लेकरं येतील, येळवशीला रानात येतील. त्यांच्या हातात चार धांडे आणि बाभळीचे दहा काटे द्या, पहिलं चाक करून दाखवा आणि मग बाजूला बसा. पुढचं त्यांचं त्यांना जमतं.